दोन पत्ते

दोघांचे आकडे जुळले नाहीत तेव्हा तीन वाजायला वीस मिनिटं कमी होती.

उपग्रहावरच्या दुर्बिणीला नवा पल्सार सापडून चार दिवस झाले होते. दर अकरा सेकंदांनी क्ष-किरणांचा एक ठोका. पण तो तारा नेमका कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. नकाशावर नुसतं एक वर्तुळ, आणि त्यात शेकडो तारे. ठोका रोज क्षीण होत चालला होता. तीन वाजता दुसरी दुर्बीण अर्ध्या तासासाठी मिळणार होती. तिची नजर तीक्ष्ण, पण सुईच्या नेढ्यातून बघावं तशी अरुंद. जागा चुकली तर पुढच्या पाळीपर्यंत ठोका विझलेला असणार. मग किती वर्षं वाट बघायची, कुणी सांगावं.

जागा दोघांनी काढायची, वेगवेगळ्या खोल्यांत बसून, एकमेकांचा कागद न बघता, असा प्रयोगशाळेचा नियम. हे दोघे नवरा-बायको होते, त्याच्याशी नियमाला देणंघेणं नव्हतं.

"परत कर," तो तिच्या दारात येऊन म्हणाला.

"केलं. तू कर."

"मीही केलं."

"आरशाचा तिरकेपणा वजा झालाय ना?"

"मी विसरेन होय? पाच वर्षं तेच करतोय."

"मग माझ्यावर कशाला डाफरतोस? आकड्यांवर डाफर."

तो बाहेर गेला आणि येरझाऱ्या घालू लागला. चहा ओतून घेतला, न पिताच ठेवून दिला. दाराच्या काचेतून ती दिसत होती. पेन दातात धरून घड्याळाकडे बघत होती.

उपग्रहाचा आरसा मुळातच केसभर तिरका बसलेला. तेवढा फरक पाच वर्षं हातानं वजा करावा लागे. गेल्या महिन्यात नवा प्रोग्राम आला. तो आपला आपणच वजा करतो.

सातव्या फेरीला त्याचे पाय जागीच थांबले. तो विसरला नव्हता, हाच घोळ होता. एकच फरक दोनदा वजा झाला होता.

आत जाऊन तिला सांगायचं सोडून त्यानं भिंतीवरचा फोन उचलला आणि दुर्बिणीवाल्यांना तिचा आकडा कळवून टाकला. तोंड दाखवायचं नंतर बघू.

पाच मिनिटांत तिच्या खोलीतला फोन वाजला. तो आत आला. तिनं स्पीकर लावला.

"मॅडम, एका घरातून दोन पत्ते आलेत," पलीकडून दुर्बीण चालवणारा म्हणाला. "तुमचा लेखी एक, सरांचा तोंडी दुसरा. तीन मिनिटांत काय ते ठरवा. ही दुर्बीण आहे, टॅक्सी नाही. अर्ध्या वाटेवरून मागे फिरवता येत नाही."

"लेखी," ती म्हणाली.

"तोंडी," तो म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "तू माझा आकडा पाठवलास?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"तो चुकलाय. दोनदा वजा केलंय मी."

"नक्की ना, सर?" फोनमधून आवाज आला.

"नक्की. तोंडी दिलेलाच धरा."

मग बारा मिनिटं काळा पडदा. तो खुर्चीत बसला, उठला, खिडकीपाशी गेला, परत आला.

"एका जागी बस ना रे," ती म्हणाली.

पडद्याच्या बरोबर मधोमध एक पांढरा ठिपका आला आणि गेला. अकरा सेकंदांनी पुन्हा आला.

त्यानं खुर्ची तिच्याजवळ ओढली. "तुझंच बरोबर होतं. मग माझा आकडा कशाला पाठवलास?"

"नऊ वेळा मोजलं. नऊही वेळा माझंच आलं. दहाव्यांदा मोजायचा धीर झाला नाही. म्हटलं, हा इतका ठाम आहे, म्हणजे माझंच कुठंतरी चुकत असणार."

ठिपका पुन्हा आला, पुन्हा गेला.

"यापुढे इतका ठाम राहत जाऊ नकोस," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.