एकट्याची बासरी

"कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण ऐका," एडिसनच्या घरी जमलेल्या मित्रांना तात्या म्हणाले. "नातीच्या शाळेत पेरू देशातलं संगीत ऐकवायला आलेल्या माझ्या गुरूला, शेजारच्या मार्सेलोला, ऐन वेळी दम्यानं गाठलं. मग त्याच्या अँडीजच्या डोंगरातली धून मीच एकट्यानं वाजवली. छतातून बर्फ पडला, बर्फ!" "घाबरला नाहीस?" धर्मराजनं डोळे मिचकावले. "छे! मी आणि घाबरणार?" बोलताना मात्र तात्यांना तो दिवस आठवला. डोळ्यांपुढे चारशे पोरं चिडीचूप, पहिल्या रांगेत मार्सेलो छाती धरून आशेनं बघतोय आणि वेळूच्या नळ्यांची ती बासरी दातांवर खडखडतेय! कोपऱ्यातून नात खुदकन हसली. "आजोबा, खोटं! ती धून एकट्यानं वाजतच नाही. अर्धे सूर तुमच्या बासरीत, अर्धे माझ्या. आणि तुम्ही पळू नये म्हणून मी तुमच्या बुटावर उभी होते!"