सरांचा उबदार बास

“स्पीकरचा बास गढूळ आहे! दहावी सोडलेल्याला उबदार आवाज काय कळणार?” क्लासवाले सर दिवाणखान्यातल्या सोफ्यावर डोळे मिटून म्हणाले. लखनचं टाळकंच सटकलं. दोन दिवस खपून त्यानं स्पीकर बसवले, आणि सर ऑडिओच्या मासिकातले शब्द त्याच्याच तोंडावर फेकून राहिले होते! “शाळा सोडली सर, कान न्हाई सोडले!” त्यानं रागानं वूफरची पिनच उपसली. गाणं चालूच राहिलं, बास गेला. अचानक खालून घरघर आली. “हां! आता कसा खोल, उबदार बास आला!” सरांनी मान डोलावली. लखननं हातातल्या पिनेकडं पाहिलं. घरघर फरशीतून येत होती. किल्लारीच्या भूकंपाआधी आईनं गावात हीच ऐकली होती, तेव्हाही शिकलेले साहेब तिला हसले होते. “वूफर बंद हाय, सर! जमीन हालून राहिली. भाईर पळा! आय घरात एकलीच हाय, मी निघालो.”