शेंदूर लावलेलं कासव

स्कॅन मशीनच्या पडद्यावर कासव नव्हतंच. नुसते पांढरे फराटे, कुणी चारी बाजूंनी ओरबाडल्यासारखे.

"शेंदूर," माया म्हणाली. "यात शिसं आहे. मशीनला त्याच्या पलीकडचं दिसतच नाही. मावशी, पुसावा लागेल."

मोतीबाई खुर्चीतून उठलीच. सोनिवलीत तिच्या घरची विहीर खणताना काळ्या कातळाखालून हे दगड झालेलं कासव निघालं, तेव्हा तिनंच त्याला तेल-शेंदूर लावून नारळ फोडला होता. देवळात देवापुढं कासव असतं, मग जमिनीतून आपण होऊन वर आलेलं हे काय साधं असेल? कॉलेजात असल्या दगडांचा अभ्यास करणारी माया सांगत होती, डायनासोरच्या काळातलं आहे. असेल बापडं. लेक भूपेश तर दगड मायाच्या कॉलेजला देऊन मोकळा झाला. म्हातारीला विचारतो कोण! मायानं तिची एक अट तेवढी मानली होती. सून बाळंत होईपर्यंत शेंदराला हात लावायचा नाही.

सून प्राची बाहेर बाकावर बसली होती. उल्हासनगरच्या या स्कॅन सेंटरवर पोटुश्या बाईला मशीनपाशी येऊ देत नव्हते. दोनदा तिची कूस रिकामी झाली होती. आता कुठं नववा लागला होता.

"नाय पुसायचा," मोतीबाई म्हणाली. "कोपला तर? तुला काय गं, तुझे दगड नि तू."

"मग करवतीनं कापूनच बघावं लागेल, मावशी."

बोलून गेल्यावर मायालाच कसंतरी झालं. पण हा दगड तिला सोडवत नव्हता. शब्द मागे घेतला नाही तिनं.

कापायचं नाव काढलं नि म्हातारीचा धीर सुटला. मशीनवाल्या रघुनं स्पिरिट आणि कापूस पुढं केला. माया हात लावायला गेली, तर मोतीबाईनं तिला ढकललंच.

"सर बाजूला. पाप लागलं तर मला लागू दे."

ती पुसत होती आणि तोंडानं माफी मागत होती. देवाला असं उघडं करायचं म्हणजे काय खायचं काम आहे? केशरी बोळ्यांचा ढीग झाला तशी ती मटकन खुर्चीत बसली.

रघुनं पुन्हा मशीन चालवलं. या खेपेला पाठीचं कवच उमटलं, कणा उमटला. आणि आत, एकमेकांना खेटून, सुपारीएवढे गोल गोल.

"अरे बाप रे, ये क्या है?" रघु म्हणाला.

"अंडी!" मायाचं नाचायचंच बाकी होतं. "मावशी, पोटात अंडी आहेत! कासवीण आहे ही! असं काही हाती लागेल असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं मला!"

मोतीबाई पडद्याजवळ तोंड नेऊन बघत राहिली.

"घालायची राहिली?"

"हो ना. त्याआधीच मेली ती."

"नि पिल्लं?"

"ती आतच..." माया थांबली. आपण कुणाशी बोलतोय, ते तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं.

मशीनचा आवाज थांबला होता. दार ढकलून प्राचीनं डोकं आत घातलं. एक हात पोटाखाली.

"झालं का? काय निघालं आत?"

मोतीबाईनं मायाचं मनगट गच्च धरलं. "नर सांग," ती ओठातल्या ओठात म्हणाली. मग मोठ्यानं, "काय नाय गं बाय. नर हाय. आत नुसता दगड."

मायानं एकदा पडद्याकडं पाहिलं, मग तो बंद केला.

"हो वहिनी," ती म्हणाली. "नर आहे."

प्राची हसली. सासूला उठवायला पुढं आली, तिचा हात हातात घेतला, आणि तशीच उभी राहिली.

"मग आई, तुमचा हात का असा कापतोय?"