झोपेतली मंजुरी

आमच्या बायकांच्या संस्थेत तेलासाठी अर्गान झाडाच्या बिया फोडताफोडताच बैठक होते. हात दगडावर, कान बोलण्यावर. अगादीर शहरातून आलेली नवी व्यवस्थापक इल्हाम मला म्हणाली, “लल्ला इज्जा, तुम्ही मुख्य. दगड खाली ठेवायला सांगा, लक्ष राहील.” मी सांगितलं. शिकलेल्या माणसाला आधी करून बघू द्यावं. रिकाम्या हातांच्या वीस बायका चहा थंड व्हायच्या आत पेंगल्या. इल्हामनं वाचलं, “येत्या महिन्यापासून बिया यंत्र फोडेल. मंजूर?” वीस हात सवयीनं वर गेले. म्हाताऱ्या तुदाचा तर डोळे मिटूनच. मी म्हणाले, “पोरी, झोपलेल्यांची मंजुरी घेऊन कुठं जाशील? यांना दगड देते, पुन्हा वाच.” तिनं वाचलं. ‘यंत्र’ शब्दाला सगळे दगड थांबले. तुदा म्हणाली, “यंत्र फोडणार, मग आम्ही काय करायचं गं?” इल्हामनं कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.