सरळ रस्ता

पहिल्या पंचवार्षिक योजनेतला एटापल्लीकडचा रस्ता अंदाजपत्रकापेक्षा ऐंशी रुपये स्वस्तात झाला, म्हणून उद्घाटनाला साहेबांनी गावासमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. ओव्हरसियर म्हणून मीच वळण टाळून तो सरळ काढला होता. मधे आलं फक्त गावातल्या लटारूच्या घरामागच्या वाडीतलं मोहाचं झाड. ढोल थांबला तशी लटारूची बायको वाळल्या मोहफुलांची टोपली घेऊन पुढे आली. “ओवरसेरभाऊ, आमच्या झाडाचं वहीत काय लिवलं?” मी हातातली हिशेबाची वही उघडून वाचलं, “झाड तोडणे, मजुरी दोन रुपये.” शेजारी मजुरी घेतल्याचा लटारूचाच निळा अंगठा होता. “हे तोडनाऱ्याचे झाले. अन् झाडाचे?” मी पान उलटलं, परत उलटलं. “राहू द्या,” ती हसली, “आखाडात दाना सरला की आमी हेच शिजवतो. खाऊन पाहा, शेवटचीच हायेत.” तिनं टोपली उघड्या वहीवर उपडी केली. मी एक फूल तोंडात टाकलं. गोड होतं. साहेबांचा हात अजून पाठीवरच होता.