उभ्याचं मत

पाण्याचा जग म्हाताऱ्याच्या कानशिलावर बसला तेव्हाच वरिष्ठ सभागृहाला कळलं, की गिरणीवाल्या बाईंचा हात त्यांच्या भाषणापेक्षा जड आहे.

म्हातारा डोंगरी जिल्ह्याचा सभासद. त्याच्याकडे माणसांपेक्षा बकऱ्या जास्त, तरी जागा दोन. बाईंच्या गिरणीच्या शहरात एका खोलीत तीन बिऱ्हाडं, तरी जागा दोनच. शहराला दुसरा दवाखाना द्यायचा ठराव डोंगरवाल्यांनी गेल्या वर्षी इथंच हाणून पाडला. मग बाईंची थोरली सून जुन्या दवाखान्याच्या जिन्यात, रांगेतच, बाळंत होता होता गेली. आज माणसं मोजून जागा वाटायचा ठराव होता, आणि म्हातारा हसत म्हणाला, "जिन्यात बाळंत व्हायला सांगितलं कुणी?"

म्हणून बाईंनी जग हाणला. मग त्याच्या लोकांनी बाईंचे केस धरले, बाईंच्या लोकांनी त्यांचे दात पाडले, आणि शिपायांनी हाताला लागेल त्याला बडवलं. म्हातारा दोन बाकांच्या मधे पडला तो पडलाच.

अध्यक्षांनी फाटक्या कोटानिशी मतदान पुकारलं. तिथली रीत जुनी. मत द्यायचं त्यानं उभं राहायचं. बसलेला, पडलेला धरत नाहीत. बाजूचे उभे राहिले, मोजले गेले. विरोधातले उभे राहिले. म्हातारा बाकाला धरून गुडघ्यांवर यायचा आणि स्वतःच्याच रक्तावरून घसरायचा. तो उठला नाही तर ठराव एका मतानं मंजूर. उठला तर बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे नामंजूर.

"राहू दे पडलेला," शेजारचा सहकारी कुजबुजला. "सुनेची आठवण ठेवा, बाई."

"तिचीच येतेय," बाई म्हणाल्या. "तिलासुद्धा असंच ओलांडून गेले सगळे."

त्यांनी म्हाताऱ्याच्या बगलेत हात घातला, पोतं उचलावं तसा त्याला उभा केला आणि ओरडल्या, "मोजा ह्याला!"

"मेलात तुम्ही, बाई," म्हातारा पुटपुटला.

"तुम्ही गप उभे राहा."

ठराव पडला.

बाहेर पायऱ्यांवर बाईंचंच शहर लोटलं होतं. आतली बातमी त्यांच्यापर्यंत कधीच पोचली होती. म्हाताऱ्याच्या पायात जीव नव्हता. बाईंनी त्याचा हात आपल्या खांद्यावर टाकला आणि दार लोटलं.

पहिला दगड त्यांच्या थोरल्या मुलानं मारला. नेम म्हाताऱ्यावर नव्हता.