जसंच्या तसं

"हा कसा वाटतो, ताई?" स्टॅम्पवाल्याने हनुवटीनेच जिन्याकडे खूण केली.

काळा कोट झटकत एक उंच वकील वर चालला होता. टायपिस्टबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे एकदाच पाहिलं.

"त्याचा अशील वादी की प्रतिवादी, हे मी त्याला दर वेळी विचारते. दर वेळी तो थांबून आठवतो."

"मग तो टक्कलवाला? बोलतो झकास."

"बोलतो ना. परवा अर्धा तास भाडेकरूच्या बाजूने बोलला. शेवटी जज्जसाहेबांनीच सांगितलं, वकीलसाहेब, तुम्ही घरमालकाचे."

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. बाई गेली बावीस वर्षं पायरीखालीच बसत होत्या. जिन्याच्या पोटात एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि कुरकुरणारा प्रिंटर. वर वकील जे गरजत, ते आधी खाली बाईंच्या बोटांखालून गेलेलं असे. चुकलेली कलमं, उलटीपालटी नावं, शेपूट नसलेली वाक्यं बाई गुपचूप सरळ करून देत. कोणी कधी आभार मानले नाहीत, कारण कोणाच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

आता वकील त्यांनाच हवा होता. रविवारी दीर दारात उभा राहून चार शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा ओरडून गेला होता, "दोन्ही खोल्या आईने माझ्या नावावर केल्यात. मुकाट्याने निघा, वहिनी, नाहीतर कोर्टात खेचतो." नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. त्या दोन खोल्या सोडल्या तर बाईंना डोकं टेकायला जागा नव्हती. चार दिवस त्यांना धड झोप नव्हती. पण आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आणि हा आड तर त्या रोज वाकून बघत होत्या.

तेवढ्यात धप्पकन आठ-दहा कागद कीबोर्डवर पडले. सोनेरी पेनवाले वकीलसाहेब! कोर्टातले सगळ्यात महागडे.

"बाई, अर्ध्या तासात हवंय. नवीन दावा आहे."

बाईंनी पहिला कागद उचलला. वादी म्हणून दिराचं नाव होतं. प्रतिवादी म्हणून त्यांचं स्वतःचं, मधे नवऱ्याच्या नावासकट. पुढे लिहिलं होतं, व्यवसाय : काही नाही.

त्यांनी मान वर केली. साहेब मोबाइलमध्ये बघत होते. अकरा वर्षं ते या टेबलावर कागद आणून टाकत होते आणि अकरा वर्षं 'बाई' म्हणत होते. त्यापुढचं नाव विचारायची त्यांना कधी गरज पडली नव्हती.

बाई पुढे वाचत गेल्या. पाचवा परिच्छेद : वादीची आई नऊ मार्चला वारली. खरं होतं. शेवटचं पाणी बाईंनीच पाजलं होतं. नववा परिच्छेद : त्याच आईने पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने, त्याच वर्षी एकोणीस मार्चला मृत्युपत्रावर सही केली. मागे मृत्युपत्राची झेरॉक्स होती, त्यावरही एकोणीसच. त्यामागे मृत्यूचा दाखला. त्यावर नऊ.

म्हणजे सासूबाई वारल्यावर दहा दिवसांनी सहीला उठून बसल्या होत्या. लबाडी करायलाही अक्कल लागते, आणि दिराच्या वाट्याला ती आलीच नव्हती. त्याचं एक सोडा. पण या विद्वानाने दोन्ही तारखा स्वतःच्या हाताने, त्या सोनेरी पेनाने, दीड पानाच्या अंतराने लिहिल्या होत्या.

"साहेब," बावीस वर्षांची सवय तोंडातून निसटली, "तारखांवरून एकदा नजर फिरवता का?"

बोलल्या आणि बाईंनी जीभ चावली.

साहेबांनी मोबाइलमधून डोकंही वर काढलं नाही. "बाई, तुम्ही बोटं चालवा. डोकं चालवायची फी मला मिळते."

"म्हणजे जसंच्या तसं करू?"

"जसंच्या तसं. काना-मात्राही बदलायची नाही."

"बरं," बाई म्हणाल्या.

मग बाईंनी टाईप केलं. एवढ्या निगुतीने त्यांनी आजवर कोणाचंच काम केलं नव्हतं. चुकलेलं कलम चुकलेलंच राहू दिलं. 'व्यवसाय : काही नाही' हेही तसंच लिहिलं. एकोणीसवर आल्यावर बोटं जरा थांबली, मग पुढे गेली.

साहेबांनी कोणाशी तरी फोनवर हसत हसत प्रत्येक पानावर सही ठोकली. एकही पान वाचलं नाही.

"खाली वादीची पण सही लागेल, साहेब. मजकूर खरा असल्याची."

"मला शिकवू नका. तो वरच बसलाय."

बाईंनी नेहमीच्या रिवाजाप्रमाणे साहेबांसमोरच कॉम्प्युटरमधून दावा पुसून टाकला. जपून ठेवायचं काही कारण नव्हतं. समन्सबरोबर त्याची प्रत घरपोच येणारच होती.

साहेब कागद काखेत मारून धाडधाड जिना चढून गेले. जिन्यातून थोडी धूळ टेबलावर पडली. ती बाईंनी फडक्याने पुसली.

"ताई, या साहेबांनाच का विचारत नाही?" स्टॅम्पवाला पुढे वाकून म्हणाला. "मोठा माणूस आहे. तुमची केस घेतील का बघा."

"घेतली त्यांनी," बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "फी माझा दीर भरतोय."